वस्तऱ्याची धार आणि नकाराचा अधिकार : सुपे, इंदापूर आणि एका धोकटीची गोष्ट (थ्रेड)

१/
इंदापूर तालुक्यातील एका घराच्या फडताळात चामड्याची एक जुनी धोकटी आहे. तिच्यात पितळेची वाटी, दोन कात्र्या, नखे काढायची नराणी, हातभर लांबीचा काळवंडलेला चामडी पट्टा, झिजून मधोमध खोलगट झालेला एक दगड आणि फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा आहे. धोकटीचे मालक ऐंशी ओलांडलेले आजोबा आहेत. त्यांच्या नातवाचे बारामतीत सलून आहे. घराचे नवे बांधकाम निघाले, तेव्हा नातवाने सहज विचारले, “आबा, हे मोडीत घालायचं का?” आबांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. त्या न दिलेल्या उत्तरामागचा इतिहास या थ्रेडमध्ये.

२/
प्रथम शब्द पाहू. ‘वस्तरा’ फारसी ‘उस्तुरा’वरून आला. संस्कृतात त्याला ‘क्षुर’ म्हणत, त्यावरून ‘क्षौर’. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला क्षुराच्या धारेचीच उपमा दिली आहे. ‘हजामत’ अरबी आहे आणि तिचे मूळ रक्त काढण्याच्या उपचाराशी जोडलेले आहे, कारण पूर्वी केस कापणारा आणि फासण्या टाकून रक्त काढणारा अनेकदा एकच असे. ‘न्हावी’ मात्र प्राकृतातून आलेला, स्नानाशी नाते सांगणारा शब्द. एका धोकटीत फारसी, अरबी, संस्कृत आणि प्राकृत अशा चार भाषा नांदत होत्या.

३/
आता धार म्हणजे काय ते पाहू. चांगल्या लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी एका मायक्रोमीटरहूनही कमी असते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे धार केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकी बारीक. इतके बारीक पोलाद टिकाऊ असू शकत नाही. ते रोज थोडे वाकते, रोज थोडे तुटते. त्यामुळे धार ही एकदा मिळवून ठेवायची वस्तू नाही. ती रोज राखावी लागते.

४/
केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. मग तो पोलाद बोथट कसा करतो? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळायला २०२० साल उजाडले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. धार केवळ झिजून गोल होत नाही. केस कापला जाताना वाकतो, पात्याच्या कडेला एका विशिष्ट कोनात ताण येतो आणि जिथे पोलादाची घडण एकसारखी नसते तिथे कडेचा सूक्ष्म टवका उडतो. पाते घासण्याआधी दाढी पाण्याने का भिजवायची, हेही यातून उमगते. भिजलेला केस मऊ होतो आणि पात्यावरचा ताण कमी होतो. आबांच्या पिढीला सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. पितळेच्या वाटीतले पाणी ठाऊक होते.

५/
धार राखण्याची कामे दोन. दगडाचे काम महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आणि चामड्याचे काम रोज, कधी प्रत्येक गिऱ्हाइकागणिक.

दगडावर वस्तरा आडवा, अगदी सपाट ठेवायचा. त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकल्या पाहिजेत. वस्तऱ्याची पाठ जाड का असते, याचे उत्तर इथे आहे. ती केवळ मजबुतीसाठी नसते, धारेचा कोन तीच ठरवते. पाठ उचलली की कोन बदलला आणि धार गेली. दगडावर वस्तरा धारेच्या दिशेने पुढे जातो, जणू दगडाचाच पातळ पापुद्रा काढायचा आहे.

६/
चामड्यावर दिशा उलटी. तिथे पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून परतवायचा, धारेवरून कधीही नाही. शिकाऊ पोराचा हात इथेच चुकतो आणि पट्ट्याला चिरा पडतात. पट्टा ताणलेला हवा. तो सैल पडला की मधे झोळ येतो आणि धार गोलावते. चामडे पोलाद फारसे झिजवत नाही. दगडाने सोडलेली बारीक कोर ते सरळ करते आणि धार गुळगुळीत करते. पट्टा हाताशी नसला तर अनेक जुने कारागीर तळहातावरच वस्तरा परतवत.

७/
यानंतरचे काम सर्वांत साधे आणि सर्वांत विसरले जाणारे. वस्तरा धुऊन कोरडा करायचा आणि पात्यावर तेलाचा हात फिरवायचा. जुन्या पोलादात कर्बाचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे त्याला धार उत्तम चढते आणि गंजही तितक्याच लवकर चढतो. धारेवर गंजाचा एक ठिपका पडला तरी तिथे खाच पडते आणि दगडाचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पावसाळ्यात वस्तरा तेलाच्या फडक्यात राहायचा तो यामुळे. आबांच्या धोकटीतला वस्तरा आजही तसाच गुंडाळलेला आहे.

८/
पोलादाच्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. १७९४ च्या सुमारास मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढे जेम्स स्टोडार्ट या शस्त्रे-चाकू घडवणाऱ्या कारागिराने त्या पोलादाची मनापासून प्रशंसा केली आणि १८१९ ते १८२२ या काळात तरुण मायकेल फॅरडेसोबत मिश्रपोलादावर प्रयोग केले. विजेमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या फॅरडेचे सुरुवातीचे हे काम भारतीय पोलादाच्या कुतूहलातून उगवले होते, आणि त्या प्रयोगांतल्या पोलादाचे वस्तरेही घडवले गेले.

९/
पण पोलादाचे कौतुक झाले, धार राखणाऱ्या हाताचे काय? गावगाड्यात न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. त्याला प्रत्येक दाढीमागे पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर जायचे आणि घरटी ठरलेले धान्य, पेंढ्या घेऊन यायचे, हे बलुते. त्याच्या वस्तऱ्यामागे गावातले इतर हातही होते. लोखंडाच्या कामाला लोहार, पट्ट्याच्या चामड्याला चांभार, आणि फिरतीवर येणारा शिकलगार. ‘शिकलगार’ हा शब्दही फारसीच, शस्त्रांना पाणी देऊन ती उजळणारा. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशील सापडतात, तिच्यातल्या ओढाताणीसकट.

१०/
ज्या तालुक्यात ही धोकटी आहे, त्या इंदापूरचे भारतीय महसूल इतिहासात वेगळे स्थान आहे. प्रिंगल यांची आधीची पाहणी फसल्यावर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या मोजणीची सुरुवात इंदापुरातून केली. पुढे मुंबई इलाख्यात पसरलेल्या रयतवारी मोजणीचा पाया इथे घातला गेला. शेताची हद्द, मातीचा पोत, खोली, सारे नोंदले गेले. वस्तऱ्याच्या धारेला त्या कागदांत रकाना नव्हता. साहजिकच आहे, कारण धारेवर सारा बसत नाही. पण ज्याची नोंद नाही त्याचा गावाच्या जगण्यातला वाटा मात्र मोठा होता. तो चाळीस वर्षांनी उघड झाला.

११/
१८७५. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळून गेले होते, साऱ्याची फेरआकारणी वाढली होती आणि दख्खनचा शेतकरी सावकारी पाशात होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या गावी लोक सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. त्या मिळवून जाळण्यात आल्या. तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेले हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून पाठ्यपुस्तकात येणारे प्रकरण इथे पेटले.

१२/
पाठ्यपुस्तकात आग येते. आगीच्या आधीचा नकार मात्र सहसा एका ओळीत आटोपतो. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने देशमुखांच्या घरावर कोर्टाचा हुकूमनामा आणला. गावाने दंगा केला नाही. गावाने काम थांबवले. सावकाराची शेते कसायला कोणी जाईना, पाणी भरायला कोणी येईना आणि न्हावी दाढी करीना. बहिष्काराचे हे हत्यार गावोगाव पसरले. इंदापूर तालुक्यातही गावकऱ्यांनी आपसांत लेखी संमतिपत्रे करून सावकारांशी व्यवहार तोडला. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार अशा बलुतेदारांची सेवा बंद करणे हा त्यातला महत्त्वाचा भाग होता.

१३/
चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. इतिहासात नोंद झाली ती शेतकऱ्याच्या रागाची. पण थोडे थांबून त्या न्हाव्याचा विचार करावा. सावकाराची दाढी न करण्याचा निर्णय त्याचा होता का? काही ठिकाणी तो मनापासूनही घेतला गेला असेल, कारण कर्ज बलुतेदारालाही होते. पण निर्णय गावाचा होता. जो हा ठराव मोडेल, त्याच्यावरही गाव बहिष्कार टाकणार होते. धार न्हाव्याची, नकार गावाचा. ही गाठ लक्षात ठेवावी, कारण तिची दुसरी बाजू काळी आहे.

१४/
गाव जसे सावकाराला नकार देऊ शकत होते, तसेच ते पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या कोणाला तरी नकार देतच होते. अस्पृश्य मानलेल्या माणसांच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागत नसे. साताऱ्यात शाळकरी भीमराव आंबेडकरांचे केस त्यांची बहीण घरीच कापत असे, कारण एकही न्हावी तयार नव्हता. धार तीच, दगड तोच, चामडे तेच. आणि त्या पट्ट्याचे चामडे कमावण्यापासूनचे श्रम ज्यांचे, त्यांच्याच वाट्याला हा नकार, यातली विसंगती गावाला दिसत नव्हती, किंवा दिसूनही चालत होती.

१५/
वस्तऱ्याने स्वतः नकार दिला, असा प्रसंगही आपल्याच इतिहासात आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’ चालवत. १८९० मध्ये मुंबईत शेकडो न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. नवरा गेला म्हणून एखाद्या मुलीचे डोके भादरायचे आणि ते काम आपल्या हातून करून घ्यायचे, याला त्यांनी विरोध केला. हा निर्णय गावाने न्हाव्यांवर लादला नव्हता. न्हाव्यांनी तो समाजापुढे ठेवला होता. करडे आणि मुंबई यांत हा मोठा फरक आहे.

१६/
आता पुन्हा धोकटीकडे. नातवाचा प्रश्न हवेत राहिला होता. दोन दिवसांनी आबा आपणहून बोलले. ते नुकते काम करू लागले होते तेव्हाची गोष्ट, स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षे झाली असतील. गावाबाहेरच्या वस्तीतला एक तरुण दुसऱ्या दिवशी लग्नाला उभा राहणार होता. तो त्यांच्याच वयाचा, लहानपणी विहिरीत सोबत पोहायला उतरणारा. तो भल्या पहाटे, कोणी उठायच्या आत आला आणि म्हणाला, “केस तेवढे नीट करून दे.” वस्तरा आदल्या रात्रीच लावून ठेवलेला होता. आबांनी तो काढला नाही. “बलुतं बंद झालं असतं. घरात सहा तोंडं,” एवढेच ते नातवाला म्हणाले. तो तरुण काही न बोलता परत गेला.

१७/
ही सबब खोटी नव्हती. बलुत्याची गोम हीच होती. न्हाव्याचे पोट खळ्यावर अवलंबून आणि खळी ज्यांची, त्यांच्या मर्जीवर वस्तरा. मात्र तोवर कायदा बदललेला होता, हेही खरे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत आजच्या १५व्या अनुच्छेदाच्या मसुद्यावर चर्चा झाली. त्यात ‘दुकान’ या शब्दात न्हाव्याच्या सेवेसारख्या सेवा येतात का, हा मुद्दा निघाला. डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले की हा शब्द संकुचित अर्थाने घेतलेला नाही. मोबदला घेऊन सेवा देणारे सारे त्यात येतात. ज्या मुलाचे केस बहिणीला कापावे लागले, त्याच मुलाने मोठेपणी हा अर्थ सभागृहात मांडला. १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षेस पात्र ठरवले.

१८/
कायदा गावात पोचायला रस्ता लागतो आणि इथे तो बराचसा उसाच्या फडातून आला. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात खेळू लागले. १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले, नंतर सहकारी साखर कारखाने आले. उसाचे पैसे रोख मिळतात. रोख मजुरी आली, बाजारपेठ आली आणि खळ्यावरचे बलुते हळूहळू मागे पडले. आबाही गाव सोडून बाजाराच्या दिवशी झाडाखाली आरसा टांगून बसू लागले. तिथे गिऱ्हाईक पैसे टाकी आणि समोर बसे. कोण कुठल्या वस्तीचा, हे विचारायचे कारण उरले नाही. बाजाराने सगळ्यांना समान केले असे नव्हे. पण आबांच्या वस्तऱ्यावरचा खळ्याचा ताबा त्याने सोडवला.

१९/
दुसरा बदल धारेतच झाला. किंग जिलेट यांच्या कंपनीची स्थापना १९०१ ची, पेटंट १९०४ चे. पात्याला धार लावायचीच नाही, बोथट झाले की फेकायचे, ही त्यामागची कल्पना. आपल्या सलूनमध्ये ती बऱ्याच उशिरा पोचली. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली. पुढच्या काळातल्या जनजागृतीत सलूनमधला वस्तरा चर्चेत आला आणि अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा रूढ झाला. गिऱ्हाइकासमोर नवे ब्लेड मोडून बसवायचे, काम झाले की टाकून द्यायचे. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. एकच वस्तरा अनेक गालांवर फिरवण्यातला धोका नाकारता येत नाही. पण दगड आणि पट्टा फडताळात गेले ते तेव्हा.

२०/
या पट्ट्यातून दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी जाते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडी, इंदापूर. वारीच्या वाटेवर अनेक ठिकाणी नाभिक मंडळी वारकऱ्यांची दाढी-कटिंग विनामूल्य करतात. या परंपरेच्या मुळाशी संत सेना न्हावी उभे आहेत. त्यांनी आपल्याच धंद्याची हत्यारे घेऊन अभंग रचला. आरसा विवेकाचा झाला, चिमटा वैराग्याचा झाला. ज्या हत्यारांना गावाने चाकरीची खूण मानले, त्यांनाच त्यांनी अध्यात्माची भाषा दिली.

२१/
आबा अशाच एका वारीत, बाजारात बसू लागल्यावर काही वर्षांनी, सेवेला बसले होते. रांगेत तोच माणूस आला, आता डोक्यावर पांढरे केस आणि कपाळी बुक्का. दोघांनी एकमेकांना ओळखले. त्या पहाटेचा विषय कोणी काढला नाही. आबांनी वस्तरा पुन्हा एकदा पट्ट्यावर परतवला. आधीच्या गिऱ्हाइकानंतर परतवलेला होताच, तरीही. मग सावकाश दाढी केली. उठताना तो माणूस वारीतल्या रिवाजाप्रमाणे पाया पडायला वाकला. आबांनी त्याला मध्येच धरले आणि स्वतः वाकले. “ते फेडणं नव्हतं. फिटत नसतंच ते,” आबा नातवाला म्हणाले.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या साऱ्यातून काय मिळते? एक, हत्यारे निष्पाप नसतात आणि दोषीही नसतात. त्यांच्या मागच्या अर्थव्यवस्थेकडे पाहावे लागते. दोन, ‘बहिष्कार’ हा शब्द वाचताना नेहमी विचारावे की कोणावर, कोणी ठरवलेला आणि ठराव मोडला तर कोणाचे पोट मारले जाणार होते. सुप्याच्या आगीआधीचा बहिष्कार आणि वस्तीतल्या तरुणाला मिळालेला नकार एकाच यंत्रणेतून आले होते. त्यातल्या एकाचे आपण कौतुक करतो आणि दुसऱ्याची लाज वाटते. पहिल्याचे कौतुक करताना दुसरा झाकला जाऊ नये.

२३/
धोकटी मोडीत गेली नाही. नातवाने ती सलूनमध्ये शोभेसाठी मांडावी असे सुचवले. आबांनी नको म्हटले. “काचेत ठेवलास तर गंजेल. तेल कोण लावणार?” मग त्यांनी नातवाला समोर बसवले, पट्ट्याचे एक टोक खिडकीच्या गजाला अडकवले, दुसरे ताणून धरायला लावले आणि वस्तरा कसा परतवायचा ते दाखवले. पहिल्याच फेरीत पट्ट्याला चीर पडली. आबा हसले. पट्ट्यावर तशा जुन्या चिरा बऱ्याच होत्या. त्यातली एक त्यांची स्वतःची, पहिल्या दिवसाची.

२४/
आपल्या घरी, आजोळी असे एखादे हत्यार असेल. वस्तरा, रापी, रंधा, भाता, काहीही. ते वापरणारे माणूस अजून हयात असेल तर त्याला दोन प्रश्न विचारावेत : याची निगा कशी राखायची, आणि हे कोणासाठी वापरायची मुभा नव्हती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा लगेच मिळते. दुसऱ्याला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबावे, आणि जे ऐकाल ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. (समाप्त)